तीन नंबरची लेन

“बाबा, किती?”

आवाज खालून आला, बुटांच्या जवळून, पाण्यातून. शर्यत संपली की पोरं भिंतीला हात लावतात, धापा टाकतात आणि वर घड्याळ धरून उभ्या असलेल्या माणसाला ‘किती?’ म्हणून विचारतात, हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं. सकाळपासून तो हेच काम करत होता. पण पोरं ‘काका, किती?’ म्हणायची. बाबा कोणी म्हटलं नव्हतं. सहा नंबरच्या लेनवर लावलेली नजर काढून त्यानं खाली पाहिलं. निळी टोपी, काळा गॉगल, उघडं तोंड. असेल कोणाची तरी मुलगी. कोणाची तरी मुलगी चुकून आपल्याला बाबा म्हणाली, शाळेत पोरं बाईंना आई म्हणून जातात तशी, असं त्याला वाटलं, आणि हसूही आलं थोडंसं. मग त्या मुलीनं गॉगल कपाळावर सरकवला. खाली त्याच्या मनीचे डोळे होते, भोवती लाल वळ उमटलेले. त्याचा अंगठा घड्याळाच्या बटणावर दाबला गेला. दाबला म्हणण्यात अर्थ नव्हता; माणूस दचकला की हातातली वस्तू घट्ट धरतो, तसं ते झालं. तेवढ्यात नोंदी घेणारा, पोऱ्यागत धावत फिरणारा मास्तर समोर आला, “तीन नंबर? वेळ बोला,” म्हणाला, आणि यानं घड्याळात जे दिसत होतं ते वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी भयंकर करून बसलोय. पण मास्तर चार नंबरकडे गेला होता, आणि सहा नंबरची पिवळ्या टोपीवाली मुलगी, जिच्यासाठी त्याचा जीव एवढा वेळ टांगणीला लागला होता, ती आत्ता कुठे भिंतीला हात लावत होती. तिनं टोपी काढली. आखूड कुरळे केस. त्यानं जन्मात कधी न पाहिलेली पोर.

तलावाच्या या टोकाला तो घड्याळ घेऊन कसा उभा राहिला, हे पाहायला गेलं तर दोष त्याच्या तोंडाचा होता. एरवी तो अबोल माणूस. कवळ्या बनवायचं काम करणारा. दाताचे डॉक्टर रोग्याच्या जबड्याचा ठसा पाठवायचे, हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणावर एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. केसाएवढा फरक राहिला तरी म्हातारी माणसं आठवडाभर जेवत नाहीत, हे ठाऊक असल्यानं त्याच्या हाताला घाई माहीत नव्हती. पण पोरांच्या पोहण्याच्या स्पर्धा म्हटल्या की या सबुरीच्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पहाटे बोलवायचं आणि पहिली शिट्टी ऊन चढल्यावर वाजवायची. सगळ्या वयाच्या पोरांना सरावासाठी एकदमच पाण्यात सोडायचं, म्हणजे कोणाची लाथ कोणाच्या नाकावर बसेल याचा पत्ता नाही. पाहुणे यायचे म्हणून शर्यती थांबवून ठेवायच्या, आणि पाहुण्यांना उशीर झाला म्हणून दोन दोन हीट, म्हणजे शर्यतीच्या तुकड्या, एकत्र करून पुढे ढकलायच्या. आईबापांना उभं करायचं दोरीच्या पलीकडे, पत्र्याखाली, जिथून निम्मा तलाव खांबाआड जातो. आणि तो भोंगा! त्यातून काय बोलतात ते देवाला कळत असेल तर असो. गेल्या स्पर्धेत एका मुलीची शर्यत होऊन गेली आणि ती बिचारी बाहेर टॉवेल गुंडाळून केळं खात बसली होती. पालकांच्या ग्रुपवर यानं त्या दिवशी एवढं लिहिलं, एवढं लिहिलं, की बायको म्हणाली होती, “अहो, स्पर्धा मनीची आहे की तुमची?”

आज सकाळी त्याच्या डोळ्यांसमोर लेनांना माणसं उभी करत होते. एका लेनला एक माणूस, एका माणसाकडे एक घड्याळ. हे बघून त्याला राहवलं नाही. दोरी उचलून तो सरळ मुख्य पंचापुढे जाऊन उभा राहिला. या पंचाला सगळे पालक शिट्टीसाहेब म्हणत, पाठीमागे अर्थात. गळ्यातली शिट्टी तोंडातून काढली तरी हा मनुष्य शिट्टी वाजवल्यासारखाच बोलायचा. “एका लेनला एकच घड्याळ?” यानं विचारलं. “आणि तो माणूस चुकला तर? दचकला, शिंकला, त्याचं लक्ष नसलं तर? पोरांनी दोन दोन वर्षं घाम गाळायचा आणि तुमच्याकडे दुसरं घड्याळ नाही?” शिट्टीसाहेबांनी ऐकून घेतलं. मग खिशातून एक घड्याळ काढून याच्या हातात ठेवलं. “घड्याळं आहेत हो, ढीगभर आहेत. धरायला माणसं नाहीत. दोरीपलीकडे तोंडं पुष्कळ आहेत, हात नाहीत. तुमची मुलगी कुठल्या लेनला? सहा? मग तुम्ही तीनला उभे राहा. आपल्याच पोराची वेळ घ्यायची नाही असा नियम आहे, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको.” पालकांमध्ये हशा पिकला. याचा चेहरा पडला, पण मनातल्या मनात तो सुखावलाही, हे खरं. आता निदान एका लेनला तरी डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस उभा राहणार होता.

आणि तसा तो उभा राहिला होताही. सकाळभर त्याचं बोट एकदाही चुकलं नाही. पोरानं हात लावला की अंगठा खाली. मेणात दात बसवताना जसा श्वास धरायचा तसा श्वास धरून. मग आता काय झालं? तो आठवू लागला. शर्यत पलीकडच्या टोकाला सुरू होते आणि एकच फेरी पोहून पोरं याच्याकडे येतात, त्यामुळे सुरुवातीला पाण्यात नुसत्या टोप्या दिसतात, रंगीत, टिकल्यांएवढ्या. मुलींच्या ब्रेस्टस्ट्रोकआधी भोंगा बराच वेळ काहीतरी खरवडत होता. त्यात ‘एकत्र’ असा शब्द आला होता का? आला असावा. शिट्टीसाहेबांनी पुन्हा दोन हीट एकत्र केल्या असाव्यात, आणि लेना बदलल्या असाव्यात, आणि हे त्या खरवडण्यात सांगितलंही असावं. पण यानं ते ऐकलं नाही, कारण त्या वेळी तो मनातल्या मनात म्हणत होता की हा भोंगा आधी तळ्यात बुडवायला पाहिजे. सहा नंबरला पिवळी टोपी दिसली आणि तो निर्धास्त झाला. पिवळी टोपी म्हणजे मनी. दोन वर्षं तो हजार पोरांमधून तिला पिवळ्या टोपीवरून शोधत आला होता. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत ती त्याची मुलगी असायची, हातात पिशवी, पायात फटकफटक वाजणारी चप्पल. दारातून आत गेली की पलीकडून निघायची ती टोपी, गॉगल आणि लांब हातपाय, आणि मग तिला टोपीवरूनच ओळखायचं. शिट्टी झाली. यानं घड्याळ सुरू केलं, ते बरोबर सुरू केलं, तेवढं त्याला नक्की आठवत होतं. आणि मग त्याची नजर तीनवरून सहावर गेली ती परत आलीच नाही. पिवळी टोपी मागे पडत होती. वर, खाली, वर, खाली. प्रत्येक वेळी बाजूच्या टोप्यांहून थोडी मागे. अगं ओढ, ओढ, असं तो दातांतल्या दातांत म्हणत होता. त्याचे स्वतःचे पाय बुटांच्या आत पाणी मारत होते. आणि त्या सगळ्या वेळात त्याची मुलगी त्याच्या समोरून, सरळ त्याच्याच अंगावर, पोहत येत होती.

नवी शर्यत लागली. त्यानं घड्याळ शेजारच्या माणसाकडे देऊन ‘आलोच’ म्हटलं आणि तो खांबाआड जाऊन उभा राहिला. ओली फरशी, औषध घातलेल्या पाण्याचा वास, पत्र्यातून उतरणारा उकाडा. निळी टोपी कुठून आली? पिवळी कुठे गेली? आपण आज सकाळी मनीला पाहिलं ते कधी? गाडीत ती मागे बसली होती. बोलत होती काहीतरी. त्यानं आरशात तिच्याकडे पाहिलं होतं का? तो गाडी चालवता चालवता, पार्किंगच्या बोजवाऱ्याबद्दल कोणाशी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होता. मागून आवाज येत होता, “बाबा, अरे माझी टोपी...” आणि तो “हो, हो” म्हणाला होता. टोपीचं काय? हरवली, विसरली, फाटली? ‘हो, हो’ म्हटल्यावर ती गप्प झाली होती, म्हणजे त्या ‘हो, हो’ने तिचं काम झालं असावं, किंवा झालं नसावं. त्याला ते वाक्य पुढे ऐकू येईना. भोंग्यातून यावं तसं ते फक्त खरवडत होतं. मग त्याला एकदम तिचं लहानपण आठवलं. अंघोळीचं पाणी काढलं की ही पलंगाखाली. ओढून काढावं लागायचं, नखं मारायची, म्हणून तर नाव पडलं मनी. पाण्याला भिणारी ती मांजर पाण्यात कधी रमली, कोणत्या दिवशी, हे त्याला सांगता आलं नसतं. तो तिथे होता खरा. तो प्रत्येक ठिकाणी होता. प्रत्येक स्पर्धेला, प्रत्येक सरावाला, दोरीच्या पलीकडे, तावातावानं बोलत. मग त्यानं पाहिलं काय एवढा वेळ?

त्याच्या कामाच्या खोलीत फळीवर जबडे ठेवलेले असायचे, प्लास्टरचे, रांगेनं. चेहरा नाही, डोळे नाहीत, नुसते दात. नवखा माणूस आत आला की दचकायचा. हा मात्र बढाई मारायचा की मला तोंड दाखवू नका, दात दाखवा, माणूस ओळखून देतो. आणि ते खोटं नव्हतं. एकदा बाजारात एका बाईंना हसताना पाहून तो बायकोला म्हणाला होता, ही माझी कवळी चालली. मनीचा वरचा डावा सुळा थोडा पुढे आलेला होता. डॉक्टर म्हणाले, तारा लावू, वर्षात सरळ होईल. यानंच नको म्हटलं. असू दे तेवढं एक वेगळं. सरळ दात काय, मी दिवसभर बनवतोच. बायकोनं त्यावरून किती टोमणे मारले, की दातवाल्याच्या घरात पोरीचा दात वाकडा. आणि आज ते तोंड आ वासून पायाशी आलं होतं, तो सुळा दिसत असणारच होता, आणि याला काय दिसलं? कोणाची तरी मुलगी. हे आपल्या डोळ्यांना काय झालं? का डोळ्यांना काही झालेलं नाही, आपण बघतच नव्हतो, आणि बघत नव्हतो हे आजचं नाहीच? त्याला आपल्याच विचारांची भीती वाटली. तो पाणी प्यायला निघाला.

भोंगा खरवडला. सहा मुली पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होत्या. मनीला त्या सहांत बसायचं होतं. दोन वर्षांत तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. नावं तर कळलीच नाहीत, पण भिंतीवर कागद डकवला गेला आणि सगळे पालक त्यावर तुटून पडले. “तुमची सातवी,” गर्दीतून बाहेर येत वकीलबाई म्हणाल्या. या खरोखरच वकील होत्या, आणि दर स्पर्धेला कोणाला ना कोणाला कोर्टात खेचायची भाषा करायच्या. “राखीव. कोणी आजारी पडलं तर बोलावतील. पण कवळीवाले, मी तुम्हाला सांगते, यात घोळ आहे. मी इथून बघत होते. तुमची मुलगी चार नंबरच्या मुलीच्या आधी टेकली. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. आणि चार नंबर आहे पाचवी, तुमची सातवी! हे कसं?”

“असेल,” तो म्हणाला.

“असेल काय! लेखी तक्रार करा. मी आहे तुमच्याबरोबर. हे असंच चालतं इथे. लेना बदलल्या तेव्हा तुम्हाला हलवून कुठल्या आंधळ्याला उभं केलं होतं त्या तीन नंबरला, शोधून काढते मी.”

आजूबाजूचे दोघेतिघे बाप लगेच सरसावले. एक म्हणाला, असल्यांना घड्याळ काय, झाडू पण देऊ नये हातात. दुसरा म्हणाला, झोपला असेल उभ्या उभ्या. सकाळी हेच सगळे लोक आपल्या बाजूचे होते, त्याला आठवलं. आत्ताही ते त्याच्याच बाजूचे होते, म्हणूनच तर बोलत होते.

“मी होतो,” तो म्हणाला.

“कुठे होतात?”

“तीन नंबरला. मीच होतो.”

वकीलबाईंनी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “अहो, पण...” एवढंच म्हणाल्या, आणि तक्रार कोणाविरुद्ध करायची हे त्यांना बहुधा पहिल्यांदाच सुचेना. त्याला वाटलं होतं, कबूल केल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. उलट आता नवाच गोंधळ डोक्यात सुरू झाला. मनी चार नंबरच्या आधी टेकली, तर मग तिची खरी वेळ कोणती? भिंतीला हात लावल्यापासून ‘किती?’ म्हणेपर्यंत पोरं किती थांबतात? कोणी लगेच विचारतं, कोणी गॉगल काढून मग विचारतं. मनीनं किती धापा टाकल्या? तिनं आपल्याकडे किती वेळ वर पाहिलं असेल, आपण खाली बघण्याआधी? ती एकदाच ‘बाबा’ म्हणाली की त्याआधीही म्हणाली होती?

ती सापडली कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बाकावर. टॉवेल डोक्यावरून घेतलेला, पाय हवेत, टाचा बाकाला आपटत. शेजारी अर्धं केळं आणि ती निळी टोपी. तो बाजूला बसला. निळी टोपी उचलून म्हणाला, “टोपी कुणाची?”

“मैत्रिणीची.” टॉवेल हलला नाही. “माझी फाटली ना. काल. मी गाडीत सांगितलं तुला, वाटेत दुकान आहे, थांबू या का. तू ‘हो, हो’ म्हणालास. आणि थांबलाच नाहीस.”

“मी पिवळी टोपी बघत होतो गं.”

“माहितीये मला.”

“तुला कसं माहीत?”

आता तिनं टॉवेल मागे टाकला. रडलेली दिसत नव्हती. त्याला वाटत होतं रडलेली असावी, म्हणजे समजूत तरी घालता आली असती. “बाबा, ब्रेस्टस्ट्रोक आहे ना. दर हाताला डोकं वर येतं. समोर सगळं दिसतं. लेन बदलली तेव्हा मला एवढं भारी वाटलं, म्हटलं तिकडे बाबा उभा आहे, बाबाच्याच लेनमध्ये जायचंय. मग डोकं वर काढलं तर तू तिकडेच बघतोयस. पुन्हा काढलं तर अजून तिकडेच. मला वाटलं...” ती थांबली. नखानं केळ्याच्या सालीचा धागा काढत राहिली. “मला वाटलं मीच चुकीच्या लेनमध्ये आलेय. माझी लेन सहाच असणार, आणि मी ऐकताना चुकले. म्हणून मी थांबले जराशी. नीट नाही थांबले, पण हात मारायचा राहिला. मग म्हटलं जाऊ दे, आलेय तर जाऊ.”

एवढा वेळ तो आपण घड्याळ उशिरा दाबलं या एका चुकीला धरून होता. ती निदान मोजता येण्यासारखी होती, म्हणजे मोजता येत नव्हती, पण कोणाला तरी सांगता येण्यासारखी होती. घड्याळ थांबण्याच्या आधी ती स्वतः थांबली होती. पाण्याच्या मधोमध, आपल्या बापाकडे बघत, आपण कोण आहोत याचाच संशय येऊन. यातला किती उशीर तिचा आणि किती त्याचा? आणि तिचा म्हणायचा तो तरी तिचा कसा? त्याला वाटलं आपण माफी मागावी. पण नक्की कशाची मागायची हे वाक्यात बसवता येईना. टोपीची म्हणावी तर फारच थोडं होत होतं. त्यानं तिच्या ओल्या केसांवर हात ठेवला. तिनं ठेवू दिला.

“मी जाऊन सांगतो त्यांना,” तो उठला.

शिट्टीसाहेब टेबलापाशी घसा बसलेल्या अवस्थेत चहा पीत होते. यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याला जाणवलं की सकाळी याच टेबलापाशी आपला आवाज किती खणखणीत होता.

“उशिरा दाबलंत. बरं. किती उशिरा?”

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“खरंच माहीत नाही. मी दुसरीकडे बघत होतो.”

“कुठे?”

“माझ्या मुलीकडे,” तो म्हणाला, आणि मग गडबडून म्हणाला, “म्हणजे, मुलगी माझी ती नव्हती.”

सकाळचा हिशोब चुकता करायला शिट्टीसाहेबांना याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण त्यांनी काही केलं नाही. कप खाली ठेवला, डोळे चोळले. “हे बघा, लेना बदलल्या तेव्हा तुम्हाला तिथून हलवायला हवं होतं. ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. एवढ्या गोष्टी असतात. आता अंदाजानं वेळ नाही लिहिता येत मला. एकच करता येतं, सगळं संपल्यावर तिला एकटीला पुन्हा पोहू देतो. पोहेल का?” त्याला काही तरी जोरात बोलायचं होतं या माणसाला, सकाळपासून, वर्षापासून. ते सगळं कुठे गेलं कळेना. “विचारतो,” तो म्हणाला.

मनीनं एकच विचारलं. “तू असशील का तिथे?”

“मला घड्याळ नाही देणार आता ते.”

“घड्याळ नको. नुसता उभा राहा.”

बक्षिसं वाटून झाली, पाहुणे गेले, खुर्च्या एकात एक घालून रचायला सुरुवात झाली. लेनांच्या दोऱ्या गुंडाळून काठावर ओढल्या जात होत्या. फक्त तीन नंबरच्या दोन बाजूंच्या दोऱ्या पाण्यात ठेवल्या होत्या. बाकीचा तलाव मोकळा, सपाट. लेनच्या टोकाला शिट्टीसाहेब स्वतः घड्याळ घेऊन उभे राहिले, त्यांच्या एका बाजूला नोंदीचा मास्तर घड्याळ घेऊन, आणि दुसऱ्या बाजूला वकीलबाई, कारण त्या म्हणाल्या मी असल्याशिवाय हे होऊ देणार नाही. एका लेनला तीन घड्याळं. सकाळी त्यानं दोनच मागितली होती. तो त्या तिघांच्या पुढे, अगदी काठावर, मोकळ्या हातानं उभा होता. मागे रांगेत दोरीपलीकडे चार पालक रेंगाळले होते, पण भोंगा बंद केला होता आणि कोणी बोलत नव्हतं. पलीकडच्या टोकाला एक निळी टोपी वाकली.

ती पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली. मग डोकं वर आलं. यानं डोळे ताणून पाहिलं. टोपी, गॉगल, आ वासलेलं तोंड. कोणाचंही असू शकेल असं. पुन्हा खाली. हा तीन नंबर, ही तीनच नंबरची लेन, तलावात दुसरं कोणी नाही, ती मनीच आहे, असं तो स्वतःला बजावत होता, आणि तरी प्रत्येक वेळी वर येणारं डोकं परकंच वाटत होतं, आणि प्रत्येक वेळी तो घाबरत होता की हे आपल्या चेहऱ्यावर तिला दिसत असेल. तिला सगळं समोर दिसतं. म्हणून त्यानं नजर हलवली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी लवू दिली नाही. ती दमली होती, हे कळत होतं. खांदे पाण्यावर नीट उचलले जात नव्हते. तलावाच्या मध्याच्या अलीकडे ती आली आणि तोंड उघडून श्वास घेताना वरच्या ओठाखाली डावीकडे काहीतरी पांढरं चमकलं. सुळा. थोडा पुढे आलेला. डोकं खाली गेलं. त्यानं वाट पाहिली. वर आलं, सुळा. खाली गेलं, वर आलं. सुळा, आणि त्याच्याभोवती आता ओठ जमले, हनुवटी जमली, गॉगलमागे ते वळ उमटलेले डोळे असणार हे जमलं, आणि पलंगाखालून ओढून काढताना जो चेहरा असायचा तो, रागावलेला, हट्टी, त्याचाच अर्धा चेहरा, पाण्यातून सरळ त्याच्याकडे येऊ लागला. तो ओरडला नाही. त्याला ओरडता आलंच नसतं. तिनं दोन्ही हात भिंतीला लावले तेव्हा त्याचा अंगठा मुठीत दाबला गेला. अगदी वेळेवर.

मागे तिघांची डोकी घड्याळांवर वाकली. तीन घड्याळांत तीन आकडे होते, थोडे थोडे वेगळे. मधला धरायचा असतो म्हणे. शिट्टीसाहेबांनी तिन्ही आकडे पडताळले. मग याच्या जवळ आले आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात, म्हणाले, “अहो, ही वेळ आधीच्यापेक्षाही वाईट आहे. दमलीय पोर. मघाची तुमची चुकीची वेळ धरली तर ती राखीव म्हणून तरी राहते. ही लिहिली तर तेही गेलं. काय करू? कुठली ठेवू?”

चुकीची वेळ बरी होती आणि बरोबर वेळ वाईट होती, आणि जी खरी होती ती दोन्हींपैकी कुठलीच नव्हती. ती सकाळी पाण्यातच राहून गेली होती. वकीलबाई काहीतरी म्हणत होत्या, त्यात ‘नियम’ हा शब्द होता. त्यानं खाली पाहिलं. मनीनं या वेळी कोणालाच ‘किती?’ म्हणून विचारलं नव्हतं. दोरीला लोंबकळत, धापा टाकत ती त्याच्याकडे बघत होती.

“दिसले का?” तिनं विचारलं.

“दिसलीस.”

“पहिल्यापासून?”

‘हो’ अगदी ओठांवर होतं त्याच्या. “पहिल्यापासून नाही,” तो म्हणाला. “अर्ध्यात आलीस तेव्हापासून.”

तिनं मान हलवली. तिला ते पटलं असावं, किंवा तिला तेवढंच अपेक्षित असावं. मग ती शिट्टीसाहेबांकडे वळून म्हणाली, “सर, आत्ताची लिहा.”

“अगं, पण ती हळू आहे. राखीवमधून पण जाशील.”

“चालेल. आत्ताची लिहा. आत्ता बाबा बघत होता.”

शिट्टीसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी वकीलबाईंकडे, आणि वकीलबाई तलावाच्या पलीकडच्या भिंतीकडे बघायला लागल्या. त्यानं वाकून दोन्ही हात पुढे केले. तिची बोटं थंड होती, पाण्यानं सुरकुतलेली, म्हातारीच्या बोटांसारखी. तो तिला वर ओढू लागला तेव्हा क्षणभर त्याला वाटलं आपणच पाण्यात पडणार. दोन वर्षांचं तिचं सगळं आज गेलं, आणि ते कोणामुळे, हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ती त्याचे हात धरून वर येत होती. ती काठावर उभी राहिली, अंगावरून पाणी निथळत, त्याचे बूट भिजवत.

“जाताना त्या दुकानापाशी थांबू,” तो म्हणाला. “टोपी घेऊ. पिवळीच.”

“कुठलीही घे,” मनी म्हणाली, आणि निळी टोपी डोक्यावरून ओढून काढून चप्पल शोधायला निघाली.